प्रत्येक स्टेशनाला थांबणारी गाडी

कुठल्याही नव्या जागी शिरलं की मावशी आधी वर बघायच्या. मॉल असो, चर्चचा हॉल असो, कुणाच्या लग्नाचं हॉटेल असो, दारातून आत पाऊल टाकलं की त्या थांबायच्या, हनुवटी उचलायच्या आणि छताच्या कडेकडेने नजर फिरवायच्या. मला आधी वाटलं, बाई देवभोळ्या आहेत, वरच्याची आठवण काढतात. मग वाटलं, कॅमेरे शोधतात. शेवटी एकदा विचारलंच. म्हणाल्या, "सवय गं. छत कसं बांधलंय ते बघते. आमचे पप्पा गवंडी होते ना."

त्यांचे पप्पा शाळामास्तर होते, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं.

आम्ही दोघी दुबईतल्या एका ट्रॅव्हल कंपनीत. मी अकाउंट्सला, त्या व्हिसाच्या कागदपत्रांवर. सगळं ऑफिस त्यांना आंटी म्हणायचं. मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायला लागले आणि त्या मला 'बाय'. मूळच्या वसईच्या. नवरा फार लवकर गेला. तेव्हापासून शारजात, रोल्लाजवळच्या एका जुन्या इमारतीत राहून त्यांनी एकटीने मुलगा वाढवला. काळेभोर रंगवलेले केस, गळ्यात बारीक क्रूस, आणि इस्त्रीची घडी मोडणार नाही अशा बेताने बसणं. फायलीतला एखादा फोटो जरा वाकडा चिकटला असेल तर त्या तो काढून पुन्हा चिकटवत. "समोरच्याला वाटायला नको, आपण घाईत होतो," म्हणत.

तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल, जे सगळ्यांना धरून असतं आणि तरी कशातच नसतं. मावशी तशा होत्या. डब्यातली बोंबलाची चटणी सगळ्यांना वाटायच्या, पण वाळवंटातल्या सहलीला कधी आल्या नाहीत. वाढदिवसाला केक कापायला पुढे, पण सगळे मिळून जेवायला निघालो की म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून." मागून त्या कधीच आल्या नाहीत. सकाळचा करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा सगळ्यांबरोबर घ्यायच्या, कप हातात धरून गप्पा मारायच्या, आणि आम्ही वळलो की तो चहा खिडकीतल्या मनीप्लांटला घालायच्या. ते झाड इतकं माजलं होतं की मॅनेजर येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

त्यांना साठावं लागणार होतं त्या वर्षी एका दुपारी त्यांनी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"बाय, स्वित्झर्लंडला येशील का माझ्याबरोबर?"

मी हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. गंमत नव्हती ती. माझा नवरा आणि मुलगी सुट्टीत नाशिकला जाणार होते, मला आठवडाभर रजा मिळण्यासारखी होती. मी हो म्हणून टाकलं. त्या खुर्चीतल्या खुर्चीत जरा सैल झाल्या.

पण त्यांच्या अटी ऐकून मी चक्रावले. सगळा मुक्काम एकाच गावात, फार तर दोन. बस नको, टॅक्सी नको. ती काचेच्या छताची प्रसिद्ध गाडी तर मुळीच नको. साध्या गाड्यांनी जायचं, गावकऱ्यांच्या, प्रत्येक स्टेशनाला थांबणाऱ्या. सकाळी नाश्ता करून स्टेशनावर जायचं, उभी असेल तिच्यात बसायचं, वाटेल तिथे उतरायचं. "एक गेली की दुसरी येते," त्या म्हणायच्या. "तासाभरात येतेच."

सेल्समधल्या पोरांना हे कळलं तेव्हा हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. "आंटी, इतनी दूर जाके पॅसेंजर में बैठोगे?"

"रूळ तोच आहे ना?" मावशी म्हणाल्या. "डोंगर तोच? का काचेच्या गाडीवाल्यांसाठी वेगळा आणतात?"

मग रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही नकाशा उघडून बसायला लागलो. कूर नावाच्या गावात राहायचं ठरलं, कारण तिथून चारी दिशांना साध्या गाड्या सुटतात. एक दिवस उंच दगडी पुलावरून जाणाऱ्या मार्गावर. एक दिवस खिंड ओलांडून पलीकडच्या इटालियन बोलणाऱ्या दरीत, तिथे वाटलं तर दोन रात्री राहायचं. एक दिवस काहीच नाही. मावशी नकाशावर बोट ठेवून स्टेशनांची नावं एकेक करून वाचायच्या, जपमाळ ओढावी तशी. दोन स्टेशनांमध्ये जरा जास्त अंतर दिसलं की त्यांचं बोट अडायचं. मी म्हणायचे, "मावशी, इथे थांबून करायचंय काय? नुसती झाडं आहेत." त्या म्हणायच्या, "झाडं तर बघायचीत."

मला ते म्हातारपणाचं लहरीपण वाटायचं. त्याचं कारण मला एका जॅममध्ये कळलं.

मी शारजाहून रोज गाडीने येत असे, आणि मावशींना बरोबर घेत असे. सकाळी आम्ही उजाडता निघायचो, रस्ता मोकळा असायचा. संध्याकाळी मात्र त्या बहुतेक वेळा काम आहे सांगून मागे राहायच्या आणि रहदारी ओसरली की बसने जायच्या. त्या दिवशी बस बंद होत्या का काय झालं होतं, त्या माझ्याबरोबर निघाल्या. मागच्या सीटवर आमच्या सेल्समधले एक लखनौचे गृहस्थ होते. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. चार लेनमध्ये गाड्या डोक्याला डोकं लावून उभ्या. आम्ही मधल्या लेनमध्ये.

आधी मावशी बोलायच्या थांबल्या. मग विचारलं, "पेट्रोल पंप किती लांब आहे?" मी म्हटलं, बराच. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कडेला घेता येईल का गं?" मी आरशात पाहिलं, बाजूला पाहिलं. हाताची बोटं शिरतील एवढीही जागा नव्हती. त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती. ओठ हलत होते, प्रार्थना चालली असावी. मी गाणी लावली, एसी वाढवला. गाडी इंचभर सरकली आणि पुन्हा थांबली.

मग त्या हळूच म्हणाल्या, "देवा." एवढंच. आणि मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी पोटाशी घेतली.

बंद गाडीत काही लपत नाही. मी समोरच्या ट्रकचा नंबर वाचत राहिले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आधी सीटचा विचार आला, मग त्यांचा. मागच्या गृहस्थांनी फोन कानाला लावला आणि मोठमोठ्याने बोलायला लागले, "हां हां भाई, खलास, कल देखते हैं, नहीं नहीं, आप बोलो, मैं सुन रहा हूँ..." बोलता बोलता त्यांनी खिडकी खाली केली. आरशात मला त्यांच्या फोनचा काळा पडदा दिसत होता. पलीकडे कुणी नव्हतं. तो भला माणूस शारजा येईपर्यंत नसलेल्या माणसाशी बोलत राहिला.

ते वाटेत उतरले. मावशींच्या इमारतीखाली मी गाडी थांबवली, तरी त्या हलल्या नाहीत.

"मावशी, घर आलं."

"तू तिकडे बघ," त्या म्हणाल्या.

मी तिकडे बघितलं. शावर्माच्या दुकानाची पाटी होती, ती पुन्हा पुन्हा वाचली. दार उघडलं, लागलं. नंतर नजर वळवली तेव्हा त्या बॅग पाठीशी धरून दाराकडे चालल्या होत्या. वॉचमनने सलाम केला. त्यांनी थांबून त्याला नीट उत्तर दिलं, त्याच्या मुलीची चौकशी केली, आणि मग लिफ्ट सोडून जिन्याने वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खालीच उभ्या होत्या. हातात बादली, ब्रश, साबणाचं पाणी आणि दोन टॉवेल. "दार उघड," म्हणाल्या. ऑफिसच्या कपड्यांत, पार्किंगच्या फरशीवर गुडघे टेकून त्यांनी सीट घासायला घेतली. मी ब्रश धरायला गेले तर हात झटकला.

"माझं मला करू दे."

घासता घासता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. मुलाच्या जन्मापासून होतं ते. बाळंतपण अवघड गेलं होतं. तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, होईल बरं. झालं नाही, वाढत गेलं. मी विचारलं, डॉक्टर?

"गेले होते ना. रिसेप्शनवर आपल्या चर्चमधली मुलगी बसलेली. 'आंटी, काय होतंय?' म्हणाली. मी म्हटलं, दात दुखतोय." ब्रश थांबला. "तिने मला दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. आणि मी एक चांगला दात भरून घेऊन आले गं."

मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. त्या मात्र हसत होत्या, गुडघ्यावर बसल्या बसल्या.

आता तुम्हालाही कळलं असेल, छताला लावलेल्या पाट्यांवर त्या काय शोधायच्या. मी विचारलं, "म्हणून ती पॅसेंजर?"

"प्रत्येक गाडीत असतं, बाय. आणि ते मोकळं नसलं तर जरा वेळात स्टेशन. उतरायचं. कुणाची परवानगी नको, कुणाला थांबायला लावायला नको." त्यांनी टॉवेल पिळला. "इतकी वर्षं लोकांना धाडतेय मी. सगळ्या जगाच्या फायली बघून एवढी एकच जागा दिसली, जिथे मला पण जाता येईल."

आमचं जाणं ठरत आलं, आणि मधेच ग्लेनचा फोन आला. ग्लेन म्हणजे त्यांचा मुलगा. अल ऐनला एका कॉलेजात कॉम्प्युटरचं काम बघायचा. त्याची बायको मारिसेल फिलिपिन्सची, तिथल्याच हॉस्पिटलात नर्स. अल ऐन काही फार लांब नाही, वाळवंटातून सरळ रस्ता. तरी मावशी त्याच्या लग्नानंतर एकदाच त्यांच्या घरी गेल्या होत्या. ऑफिसात लोक बोलायचे, आंटीला परजातीची सून पटली नाही.

ग्लेनने आईच्या साठीची भेट ठरवली होती. व्हिडिओवर त्याचा चेहरा नुसता फुलला होता. स्वित्झर्लंडचीच मोठी ग्रुप टूर, आरामबसने आठ शहरं, आणि काचेच्या छताच्या गाडीत राखीव जागा. तो आणि मारिसेलही येणार. "नो मोर एक्स्क्यूजेस, मम्मा!"

मावशी म्हणाल्या, "थँक यू, बाळा." फोन ठेवला आणि टेबलावर पसरलेला नकाशा घडीवर घडी करत इतका लहान केला की मुठीत मावला.

"बीपी वाढलं म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "त्याच्या पदवीच्या समारंभाला बीपीच सांगितलं होतं. लग्नाच्या पार्टीतून उठले तेव्हा मायग्रेन. माझी खोटी कारणं संपत आली गं."

मी म्हटलं, "शनिवारी अल ऐनला जाऊ. मी नेते. दिसेल त्या पंपावर थांबत जाऊ."

थांबलो. नुसतं आत जाऊन यायचं त्यांना ओशाळवाणं वाटे, म्हणून प्रत्येक पंपाच्या दुकानातून त्या काहीतरी विकत घेत. च्युइंगम, खजूर, टिश्यूचे डबे, उन्हाचे चष्मे. ग्लेनच्या दारात आम्ही उभ्या राहिलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्याने आत डोकावून पाहिलं. "मम्मा, व्हाय सो मच च्युइंगम?"

मारिसेलने जेवण मांडलं होतं. ती फार जपून वागत होती, परीक्षेला बसल्यासारखी. ताट पुढे केलं की मावशींच्या चेहऱ्याकडे बघायची. ग्लेनने लॅपटॉपवर टूरचे फोटो दाखवायला घेतले. मावशींनी त्याचा हात धरला.

"ग्लेन, मला नाही जमणार बसने."

त्याचा चेहरा उतरला. तो इंग्रजीत बोलला. मराठी त्याला कळते, पण तो बोलत नाही. म्हणाला, तू नेहमी असंच करतेस. आम्ही काहीही करू, तुला नकोच असतं. सरळ सांग ना काय आहे ते. बोलताना त्याने मारिसेलकडे पाहिलं नाही, पण तिला कळलं. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठली आणि तशीच उभी राहिली.

मावशींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "माझी लघवी थांबत नाही."

ग्लेन त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "लघवी मीन्स?"

आईकडून तो मराठी शिकला होता, पण हा शब्द आईने घरात कधी उच्चारलाच नव्हता. मी तोंड उघडलं, आणि माझ्याही तोंडून निघेना. मोठी शिकलेली, दोन भाषांत हिशेब करणारी मी, टेबलक्लॉथवरची फुलं बघत बसले.

"सू-सू," साठ वर्षांच्या मावशी लहान पोरासारख्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "सू-सू थांबत नाही माझी. तुझ्या जन्मापासून. बसमध्ये होते. गाडीत होते. म्हणून मी येत नाही."

मारिसेलने विचारलं, "व्हॉट डिड शी से?"

ग्लेनला ते सांगावं लागलं. मान खाली घालून, एकेक शब्द शोधत, त्याने आपल्या बायकोला इंग्रजीत सांगितलं. आणि मावशी, आपलीच गोष्ट दुसऱ्या भाषेत पुन्हा होताना, खिडकीबाहेर बघत बसल्या.

मारिसेल आली आणि त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "ओन्ली दॅट, ममा?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं, मी तुम्हाला आवडत नाही."

ती नर्स होती. रोज असली माणसं बघत होती. मावशी तिचा हात थोपटत राहिल्या आणि म्हणाल्या ते फक्त, "नाही गं, नाही गं." कोणत्या भाषेत म्हणतोय याचं भान त्यांना नव्हतं.

ग्लेन जेवला नाही. निघताना मी पार्किंगमध्ये गेले तर तो माझ्या गाडीला टेकून उभा होता. म्हणाला, शाळेत माझं एकही नाटक तिने शेवटपर्यंत पाहिलं नाही. मी स्टेजवरून बघायचो, तिची खुर्ची रिकामी झालेली असायची. मी मारिसेलला सांगितलंय, माझ्या आईला माझा कंटाळा यायचा. लग्नाआधीच सांगितलंय.

तेवढ्यात मावशी खाली आल्या. दार उघडून त्याने आईला हाताने धरून बसवलं. तिच्या सीटवर मारिसेलने अंथरलेला जाड पंचा होता. त्याने तो नीट केला, आणि त्या दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

टूर त्याने रद्द केली. मारिसेलला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघं गेलो, मावशींच्या नकाशाप्रमाणे.

ते दिवस फार सुंदर गेले असं मी म्हणेन, पण त्यांत एक अवघडलेपण सतत होतं. ग्लेन अतिकाळजी करायचा. डब्यात चढलं की आधी जाऊन दार बघून यायचा आणि लांबूनच अंगठा दाखवायचा. मावशी लाजेने चूर व्हायच्या. "अरे, सगळ्यांना कळेल," म्हणायच्या. मग खिडकी उघडून बसायच्या. साध्या गाड्यांच्या खिडक्या उघडतात. गवताचा वास यायचा, बोगद्यात गार वारा तोंडावर आपटायचा. शाळेची पोरं चढायची, दोन स्टेशनांनी उतरायची. एक म्हातारी कोंबडीचा पिंजरा घेऊन बसली तेव्हा मावशींनी तिला खजूर दिला. खजुराचा आमच्याकडे तुटवडा नव्हता.

खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायच्या दिवशी ते झालं. गाडी वळणं घेत बर्फाच्या खालून चालली होती. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या, ते आतून बंद. कुणी आई तान्ह्या बाळाला घेऊन आत गेली होती. रडणं ऐकू येत होतं. दार वाजवायला मावशींचा हात उचलला गेला नाही. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी जाईपर्यंत उशीर झाला होता. फिकट राखाडी पँट होती त्यांची, साठीसाठी म्हणून मुद्दाम घेतलेली.

ग्लेनने दाराजवळचं बटण दाबलं. त्या गाड्यांत बटण दाबलं तरच लहान स्टेशनावर गाडी थांबते. आम्ही उतरलो. गाडी गेली. स्टेशन म्हणजे लाकडी खोपटं, एक बाक, आणि झाडाच्या खोडातून कोरलेल्या डोणीत पडणारं झऱ्याचं पाणी. माणूस एकही नाही. मी शाल धरली, मावशींनी खोपटामागे कपडे बदलले. पिशवीत घालायला त्या पँट शोधू लागल्या तर ती तिथे नव्हती. ग्लेनने ती उचलून नेली होती आणि पाण्याच्या धारेखाली धरून चोळत होता. पाणी बर्फाचं. त्याचे हात लाल झाले होते.

"दे इकडे!" मावशी ओरडल्या. "ग्लेन, टाक ते! तू काय करतोस?"

त्याने दिली नाही. त्या धावत गेल्या, ओढायला लागल्या, तो सोडेना. मायलेकांची ती ओढाताण चालू असतानाच रुळांवरून कुईं असा आवाज आला आणि वळणावरून ती काचेची गाडी निघाली. वळण तीव्र असल्यामुळे अगदी सावकाश. प्रत्येक काचेमागे चेहरे, प्रत्येक हातात फोन. मावशींनी पँट सोडली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या.

ग्लेनने आधी ती ओली पँट पाठीमागे लपवली. मी पाहिलं ते. मग काय वाटलं कोण जाणे, तो आईच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिला आणि ती पँट दोन्ही हातांनी समोर धरून पसरली, पडदा धरावा तशी. गाडीतल्यांना वाटलं, हा आपलं स्वागत करतोय. त्यांनी हात हलवले. तो जागचा हलला नाही. डोळ्यांतून पाणी, पँटमधून पाणी. जगात कुणाकुणाच्या फोनमध्ये तो अजून तसा उभा असेल.

गाडी गेली. मग मावशींनी वळून त्याचे गारठलेले हात आपल्या काखेत धरले. लहानपणी धरत असणार तसे. "वेडा आहेस," म्हणाल्या. पुढची गाडी यायला अवकाश होता. आम्ही बाकावर बसून खजूर खाल्ला. पँट कुंपणावर वाळत होती. थोड्या वेळाने मावशींना ती दाताच्या डॉक्टरची गोष्ट आठवली आणि त्यांनी ती मुलाला सांगितली.

परत आल्यावर मारिसेल त्यांना हट्टाने तज्ज्ञाकडे घेऊन गेली. व्यायाम दिले, औषध दिलं. पूर्ण बरं नाही झालं, पण बरंच आवाक्यात आलं. हा विकार इतक्या बायकांना असतो आणि त्याला उपाय आहेत, हे ऐकून मावशी चिडल्या होत्या. कुणावर, ते त्यांनाही सांगता येईना. "तीस वर्षं गं," एवढंच म्हणाल्या. वर्षभर जवळजवळ प्रत्येक शनिवारी त्या अल ऐनला गेल्या. मग निवृत्त झाल्या, व्हिसा संपला. ग्लेन म्हणत होता, आमच्याकडे राहा. पण त्यांना वसईचं घर उघडायचं होतं.

विमानतळावर मी सोडायला गेले. ग्लेन आणि मारिसेल सामान घेऊन मागून येत होते. काउंटरवर गर्दी, आमच्या मागे मोठी रांग. त्यात आमच्या ऑफिसचीही दोन माणसं होती, सुट्टीला निघालेली. काउंटरवरच्या तरुणाने विचारलं, मॅडम, विंडो देऊ का, आहे एक चांगली.

"नको," मावशी म्हणाल्या, स्वच्छ आवाजात, इंग्रजीत. "मला बाथरूमजवळची सीट दे. मधल्या वाटेकडची. मला लघवी धरून ठेवता येत नाही."

तो तरुण गोरामोरा झाला. ऑफिसातल्या त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मी, सगळं पाहिलेली, सगळं माहीत असलेली मी, कुणी ओळखीचं आपल्याकडे बघत नाही ना अशा धास्तीने माझ्या चपलांकडे बघायला लागले. चेहरा तापला होता.

बोर्डिंग पास घेऊन त्या माझ्याजवळ आल्या. हनुवटीला बोट लावून त्यांनी माझा चेहरा वर करायचा प्रयत्न केला.

"तू कशाला गं लाजतेस, बाय?"

मी चपलांवरून नजर काढली नाही. मुलाला, सुनेला त्यांनी जवळ घेतलं, ते मला पायांच्या हालचालींवरून कळलं. मी मान वर केली तेव्हा त्या आत गेल्या होत्या.